मते घटली, माणसे आली : २००४चा युरोपीय विस्तार आणि आयर्लंड

७ जून २००१ रोजी आयर्लंडमध्ये नीस करारावर सार्वमत झाले. मतदानाला फिरकले ३४.८ टक्के लोक आणि त्यातल्या ५३.९ टक्क्यांनी ‘नाही’वर खूण केली. युरोपीय संघात तेव्हा पंधरा देश होते. हा करार थेट जनतेपुढे ठेवणारा त्यांतला हा एकटाच. बाकी चौदा ठिकाणी संसदेने मंजुरी दिली आणि विषय मिटला. आयर्लंडला ती मुभा नव्हती. रेमंड क्रॉटी नावाच्या कृषी-अर्थतज्ज्ञाने सरकारला कोर्टात खेचले होते. १९८७च्या त्या निकालानंतर सार्वभौमत्वाला हात घालणारा युरोपचा करार घटनादुरुस्तीशिवाय, म्हणजेच सार्वमताशिवाय, मंजूर करण्याची सोय उरली नव्हती.

पूर्व आणि मध्य युरोपातले देश आत घ्यायचे तर मते, जागा, आयुक्तपदे यांची फेरवाटणी करावी लागणार होती. नीस करार त्यासाठीच होता. त्यामुळे आयर्लंडचा नकार वॉर्सा आणि प्रागमध्ये झोंबला. १९७३ साली हाच देश गरीब म्हणून संघात आला, युरोपच्या पैशाने रस्ते-शाळा उभ्या केल्या, आणि आता मागून येणाऱ्यांना आडवा येतो, असा सूर निघाला. तो पुरता न्याय्य नव्हता. कायद्याने पाहिले तर वीस सदस्यांपर्यंत विस्तार नीस करारावाचूनही होऊ शकतो, असे खुद्द युरोपीय आयोगाचे अध्यक्ष रोमानो प्रोदी त्याच महिन्यात बोलून गेले. सरकार पक्षाची त्याने चांगलीच पंचाईत झाली, कारण ‘नाही म्हणाल तर पोलंडचे दार बंद होईल’ हाच त्यांच्या प्रचाराचा कणा होता.

आयर्लंडची लोकसंख्या त्या वेळी ३९ लाख होती. आज पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून जेवढी माणसे राहतात त्याहूनही कमी. इतका छोटा देश आधीपासून संघात असताना संघ एकदम दहा देशांनी वाढतो, तेव्हा त्या देशाचे नेमके काय होते, हे पाहायला आयर्लंडसारखे प्रकरण दुसरे नाही. कारण इथे लोकांनी भीती बाळगली एका गोष्टीची आणि घडली भलतीच.

कागदावरचा तोटा

भीती होती ती वजन घटण्याची. ‘तुमची सत्ता जाणार, पैसा जाणार’ या आशयाची पोस्टर्स विजेच्या खांबांवर लागली होती. आकडे पाहिले तर त्यात तथ्य होते. संघाच्या मंत्रिपरिषदेत, म्हणजे सदस्य देशांचे मंत्री जिथे निर्णय घेतात तिथे, आयर्लंडला ८७ पैकी ३ मते होती. नीसच्या हिशेबाने, सत्तावीस देश झाल्यावर, ३४५ पैकी ७. म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आसपास असलेला वाटा दोन टक्क्यांवर येणार. जर्मनीची मते १० वरून २९ झाली, म्हणजे मोठ्यांच्या मानानेही आयर्लंड मागे सरकला. युरोपीय संसदेतल्या जागा १५ होत्या. २००४ साली त्या १३ झाल्या, २००९ साली १२ आणि २०१४ साली ११.

मात्र मंत्रिपरिषदेत प्रत्यक्ष मतमोजणीची वेळ क्वचितच येते. बरेचसे निर्णय चर्चेत, जेवणाच्या टेबलावर आणि कॉरिडॉरमध्ये पिकतात आणि बैठकीत फक्त नोंदवले जातात. आयर्लंडच्या जिवाचा एकच विषय होता, तो म्हणजे कर. २००३ पासून कंपन्यांवरचा कर त्यांनी १२.५ टक्क्यांवर आणून ठेवला. अमेरिकी कंपन्या त्यावर भाळून येत होत्या. करांच्या बाबतीत एकमताची अट नीसमध्येही कायम राहिली, आणि एकमत लागते तिथे तीन मते असली काय नि सात असली काय, एका देशाचा ‘नाही’ पुरतो. डब्लिनचे अधिकारी हे ओळखून होते. पोस्टरवाले ओळखून होते की नाही, सांगता येत नाही.

आयुक्तपदाचा, म्हणजे संघाचा कारभार हाकणाऱ्या युरोपीय आयोगातल्या जागेचा, प्रश्न वेगळा. छोट्या देशाला मतांपेक्षा ब्रुसेल्समध्ये आपला माणूस बसलेला जास्त कामाचा. आयर्लंडचे पीटर सदरलंड ऐंशीच्या दशकात स्पर्धा विभागाचे आयुक्त होते. त्यांच्यानंतर आलेल्या रे मॅकशॅरी यांनी १९९२ साली संघाच्या शेती धोरणाची मोठी फेररचना केली. त्यात एका बाजूला अख्ख्या युरोपचे शेतकरी होते आणि दुसऱ्या बाजूला अमेरिका. चाळीस लाखांच्या देशाला एरवी अशा जागी कोण विचारतो? नीस करारात मात्र सत्तावीस सदस्य झाल्यावर आयुक्तांची संख्या देशांपेक्षा कमी ठेवायची आणि पदे आळीपाळीने फिरवायची, असे ठरले होते. नीसनंतरच्या लिस्बन करारात तीच दिशा पुढे गेली. २००८ साली आयरिश मतदारांनी लिस्बनलाही पहिल्या फेरीत नकार दिला, तेव्हा समजूत घालताना जी आश्वासने दिली गेली त्यांत ‘प्रत्येक देशाला एक आयुक्त’ हे ठळक होते. ते आजवर पाळले गेले आहे. माल्टा, लक्झेंबर्ग, एस्टोनिया यांची आयुक्तपदे शाबूत आहेत त्यात लिमरिक आणि कॉर्कच्या मतपेट्यांचा वाटा आहे, हे त्या देशांत फारसे कुणाला ठाऊक नसावे.

माल्टावरून आठवले. जेमतेम चार लाखांच्या माल्टाची भाषा २००४ साली संघाची अधिकृत भाषा झाली. आयरिश भाषा मात्र १९७३ पासून केवळ करारांची भाषा म्हणून कोपऱ्यात होती; सरकारने पूर्ण दर्जा कधी मागितलाच नव्हता. नव्या सोयऱ्यांचा मान पाहून घरच्यांना जाग आली. २००५ साली निर्णय झाला आणि १ जानेवारी २००७ पासून आयरिश अधिकृत झाली. पुरेसे अनुवादक मिळायला मात्र पुढची कित्येक वर्षे गेली.

पैशाचे म्हणाल, तर तो विस्तार झाला नसता तरी जाणारच होता. १९९० च्या दशकात देश एवढा झपाट्याने श्रीमंत झाला की मागास भागांसाठीच्या मदतीत तो अख्खा बसेना. १९९९ साली सरकारने नकाशावर रेघ ओढली आणि सीमेलगतचे, मधले आणि पश्चिमेकडचे जिल्हे एका गटात घालून तेवढ्यांची मदत चालू राहील अशी सोय केली. उरल्या देशाची मदत टप्प्याटप्प्याने आटली. शेतीचे अनुदान ही खरी नाजूक जागा होती. पोलंडमध्ये वीसेक लाख शेतजमिनी, त्यांना फ्रान्स-आयर्लंडच्या दराने पैसे द्यायचे तर तिजोरी फुटली असती. ऑक्टोबर २००२ मध्ये ब्रुसेल्सला तोड निघाली. शेतीवरच्या खर्चाला २०१३ पर्यंत वरची मर्यादा घातली आणि नव्या देशांच्या शेतकऱ्यांना थेट मदत सुरुवातीला पंचवीस टक्केच देऊन दरवर्षी वाढवत न्यायची, असे ठरले. विस्ताराचा भार असा आयरिश शेतकऱ्यापेक्षा पोलिश शेतकऱ्यावर जास्त टाकला गेला.

ही तोड निघाली दुसऱ्या सार्वमतानंतर आठवड्याभरात. १९ ऑक्टोबर २००२ रोजी तोच करार लोकांपुढे पुन्हा ठेवला गेला. मधल्या काळात सेव्हिल इथे आयर्लंडच्या लष्करी तटस्थतेबाबत जाहीरनामा मिळवला गेला, ‘नॅशनल फोरम ऑन युरोप’ नावाचे व्यासपीठ गावोगाव चर्चा घेत फिरले आणि या वेळी होकारवाले झोपून राहिले नाहीत. मतदान ४९.५ टक्के झाले, ६२.९ टक्के लोक ‘हो’ म्हणाले. ‘बरोबर उत्तर येईपर्यंत पेपर पुन्हा पुन्हा द्यायचा’ ही टीका तेव्हापासून चिकटली ती कायमचीच.

या दुसऱ्या प्रचारात काही विरोधकांनी कामगारांच्या येण्याचा मुद्दा काढला होता. सरकारने पहिल्या दिवसापासून नव्या देशांच्या नागरिकांना कामाची पूर्ण मोकळीक देण्याचे कबूल केले आहे, इतर मोठे देश थांबणार आहेत, मग सगळे इकडेच येतील, असे त्यांचे म्हणणे. त्यांना परकीयद्वेष्टे ठरवून गप्प केले गेले. त्यांच्यातल्या काहींच्या बोलण्यात द्वेष होताही. पण संख्येचा प्रश्न द्वेषाचा नव्हता, तो तयारीचा होता, आणि त्यावर सरकारकडे उत्तर नव्हते.

१ मे २००४

त्या सहामाहीत संघाचे अध्यक्षपद योगायोगाने आयर्लंडकडे होते, म्हणून स्वागताचा सोहळा डब्लिनला झाला. फिनिक्स पार्कमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी पंचवीस देशांचे नेते जमले, झेंडे चढले, आयरिश कवी शेमस हीनी यांनी खास लिहिलेली कविता वाचली. आणि त्याच दिवसापासून पोलंड, लिथुआनिया, लाटव्हिया, स्लोव्हाकिया वगैरेंचे नागरिक परवान्याशिवाय आयर्लंडमध्ये काम करायला मोकळे झाले.

जुन्या पंधरांपैकी अशी मोकळीक देणारे तिघेच निघाले : ब्रिटन, स्वीडन आणि आयर्लंड. नियमाने दोन, मग तीन, मग आणखी दोन अशी सात वर्षे दार अडवता येत होते. जर्मनी आणि ऑस्ट्रियाने ती सातही वर्षे, एप्रिल २०११ अखेरपर्यंत, वापरली. पोलंडला लागून असलेला जर्मनी बंद आणि समुद्रापलीकडचा आयर्लंड उघडा, अशी गंमत झाली.

दार उघडण्यामागे औदार्य कमी आणि निकड जास्त होती. बेकारी साडेचार टक्क्यांच्या घरात, म्हणजे नसल्यासारखीच. बांधकामाला, हॉटेलांना, मांस कारखान्यांना माणसे मिळेनात. २००३ साली ४७ हजारांवर कामाचे परवाने द्यावे लागले होते, आणि त्या पद्धतीत परवाना मालकाच्या नावावर निघे. मालक बदलला की नोकरी, राहणे, सगळेच धोक्यात. संघातूनच माणसे आली तर ही कटकट मिटेल, असा सरकारचा आणि उद्योजकांचा सोपा हिशेब. येणाऱ्यांनी लगेच सरकारी मदतीवर हक्क सांगू नये म्हणून ‘इथे खरोखर वास्तव्य आहे’ हे सिद्ध करण्याची अट त्याच दिवशी लागू केली. काळजी होती ती फुकट खाणाऱ्यांची. आलेली माणसे कामाला आली होती, आणि कामाच्या जागी त्यांच्याकडे कोण पाहणार, याची कुणाला काळजी नव्हती.

२००६च्या जनगणनेत पोलिश नागरिक ६३,२७६ निघाले आणि लिथुआनियन २४,६२८. परदेशी नागरिकांची एकूण संख्या ४,१९,७३३ झाली होती, म्हणजे दर दहा माणसांत एक. शतकभर माणसे बाहेर पाठवणाऱ्या देशात हे थोड्याच वर्षांत घडले. लहान लहान गावांच्या बाजारपेठेत पोलिश किराणा दुकाने निघाली, त्यांत लोणच्याच्या काकड्या नि सॉसेजेस. डब्लिनच्या ‘इव्हनिंग हेरल्ड’ने पोलिश भाषेत साप्ताहिक पुरवणी सुरू केली. शहराच्या जुन्या भागातले सेंट ऑडोन्स चर्च पोलिश धर्मगुरूंच्या हाती देण्यात आले, आणि रविवारी मोकळी पडणारी बाके पुन्हा भरू लागली. रायनएअरने व्रोत्सवाफ, वूच, झेशूफ अशा आयरिश माणसाने नावही न ऐकलेल्या शहरांना विमाने लावली.

अर्थव्यवस्थेला हे मानवले. २००६ साली देशात नव्वद हजारांच्या आसपास घरे बांधून झाली. एवढ्या लोकसंख्येला ती संख्या अचाट होती, आणि पूर्व युरोपातल्या हातांशिवाय ती शक्यच नव्हती. ती घरे बांधायला हवी होती का, हा वेगळा प्रश्न. बँकांच्या पतपुरवठ्याचा फुगा विस्ताराने तयार केला नाही, पण मजुरांच्या टंचाईने त्याला जो लगाम बसला असता तो मात्र बसू दिला नाही. मोनहन आणि कॅव्हन जिल्ह्यांतल्या अळिंबीच्या शेडमध्ये लाटव्हियन-लिथुआनियन बायका अंधारात, ओलसर उबेत, किलोच्या दराने खुडणी करत. तासांचा हिशेब नाही, सुटीचा नाही, पगारपत्रक तर नाहीच. डब्लिनच्या ‘ईएसआरआय’ या संशोधन संस्थेतल्या अर्थतज्ज्ञांनी दाखवून दिले की ही नवी माणसे आपल्या शिक्षणापेक्षा खालच्या कामांवर होती आणि सारख्या पात्रतेच्या आयरिश माणसापेक्षा कमी कमावत होती. पदवीधर मुलगी हॉटेलात चादरी बदलते, हे दृश्य नेहमीचे झाले.

देशभरचे कामगार निरीक्षक किती होते? एकतीस.

आयरिश फेरीज

ठिणगी पडली ती समुद्रावर. सप्टेंबर २००५ मध्ये आयरिश फेरीज कंपनीने आपल्या ५४३ खलाशांना सांगितले की स्वेच्छानिवृत्ती घ्या. तुमच्या जागी एजन्सीमार्फत माणसे येतील. ती माणसे मुख्यतः लाटव्हियाची आणि त्यांचा दर तासाला ३ युरो ६० सेंट. आयर्लंडचे किमान वेतन तेव्हा ७ युरो ६५ सेंट होते. कंपनीचा कायदेशीर पेच साधा आणि चलाख होता : जहाजांवर सायप्रसचा झेंडा लावायचा. जहाजावर कायदा चालतो झेंड्याचा, बंदराचा नव्हे. सायप्रस आणि लाटव्हिया दोघेही २००४चे नवे सदस्य. एकाचा झेंडा, दुसऱ्याचे मजूर, आणि धंदा डब्लिन ते वेल्समधल्या होलीहेड बंदराचा.

बहुतेक खलाशांनी पैसे घेऊन निघून जाण्याचा पर्याय स्वीकारलाही. पण नोव्हेंबरच्या अखेरीस कंपनीने प्रवाशांच्या वेषात सुरक्षारक्षक जहाजांवर चढवले आणि त्यांच्याबरोबर नवे खलाशी. वेल्समधल्या पेम्ब्रोकच्या धक्क्यावर ‘आइल ऑफ इनिशमोर’ उभे होते. त्यावरच्या काही अधिकाऱ्यांनी यंत्रांच्या नियंत्रणकक्षात स्वतःला कोंडून घेतले. जहाज जागचे हलेना. कंपनीची वाहतूक अडीच-तीन आठवडे ठप्प झाली. नाताळच्या तोंडावर.

९ डिसेंबर २००५ रोजी देशभर मोर्चे निघाले. एक लाखाच्या आसपास लोक रस्त्यावर आले. चाळीस लाखांच्या देशात. मला या मोर्चाचे महत्त्व वाटते ते त्याच्या मागणीमुळे. ‘लाटव्हियनांना परत पाठवा’ ही मागणी नव्हती. ‘त्यांना आमच्याइतका पगार द्या’ ही होती. यात परोपकार होता तेवढाच स्वार्थही होता, आणि कामगार संघटनांनी तो लपवला नाही : शेजारचा स्वस्तात राबू लागला की उद्या आपलाही दर पडणार. पाच-सहा दिवसांत तडजोड झाली. नव्या खलाशांना आयरिश किमान वेतन मिळेल, जुन्यांपैकी ज्यांना राहायचे आहे त्यांच्या अटी बदलणार नाहीत. झेंडा सायप्रसचाच राहिला.

‘सिपटू’ या सर्वांत मोठ्या कामगार संघटनेने या वादापायी सरकारशी होणारा राष्ट्रीय वेतन करार रोखून धरला होता. २००६ साली तो झाला तेव्हा त्यात निरीक्षकांची संख्या एकतीसवरून नव्वद करण्याचे कलम होते, आणि त्यातूनच पुढे कामगारांच्या हक्कांसाठी वेगळी यंत्रणा उभी राहिली. दार उघडल्यावर दोन वर्षांनी पहारेकरी नेमला गेला. राजकारणही तापले. जानेवारी २००६ मध्ये मजूर पक्षाचे नेते पॅट रॅबिट यांनी परवाने पुन्हा आणावेत का याचा विचार व्हावा असे सुचवले. ‘पोलंडमध्ये चार कोटी लोक आहेत’ अशा धर्तीचे त्यांचे बोलणे अंगाशी आले, पण त्यानंतरच्या जनमत चाचणीत बहुसंख्य लोक परवान्यांच्या बाजूने निघाले. पुढच्या वर्षी बल्गेरिया आणि रोमानिया आत आले, तेव्हा याच उदार आयर्लंडने दार लावून घेतले आणि २०१२ पर्यंत उघडले नाही.

लिमरिक ते वूच

माणसे इकडे आली, तसा कारखाना तिकडे गेला. ८ जानेवारी २००९ रोजी डेल या अमेरिकी संगणक कंपनीने लिमरिकजवळच्या रहीन इथले संगणक-जोडणीचे काम बंद करून पोलंडमधल्या वूचला नेण्याचे जाहीर केले. १,९०० नोकऱ्या गेल्या. डेल तिथे १९९१ पासून होती. जोडीला पुरवठादार, मालवाहतूकदार, कँटीनवाले अशी एक अख्खी साखळी उभी होती, ती एकेक करून तुटत गेली.

मग ब्रुसेल्सने जे केले ते सरकारी फाइलींच्या चाहत्यांनी जपून ठेवावे असे आहे. सप्टेंबर २००९ मध्ये आयोगाने पोलंड सरकारला डेलच्या वूच कारखान्यासाठी साडेपाच कोटी युरोंच्या आसपास मदत द्यायला परवानगी दिली. आणि त्याच सुमारास लिमरिकच्या बेकार कामगारांच्या फेरप्रशिक्षणासाठी जागतिकीकरणाच्या झळा सोसणाऱ्यांसाठीच्या निधीतून १ कोटी ४८ लाख युरोंचा प्रस्तावही मार्गी लावला. एकाच इमारतीतून दोन्ही मंजुऱ्या. वर डिसेंबरमध्ये डेलने वूचचा कारखाना तैवानच्या फॉक्सकॉन कंपनीला विकायचे ठरवले.

विस्तार झाला नसता तर डेल लिमरिकमध्ये राहिली असती का? मला नाही वाटत. खोक्यात संगणक भरण्याचे काम एवढ्या महाग देशात टिकणारे नव्हते. तैवान-चीनचे कारखानदार तयारच होते. विस्ताराने झाले ते एवढेच की युरोपच्या गिऱ्हाइकाला युरोपच्या आतूनच, जकातीशिवाय, स्वस्तात माल देण्याची जागा मिळाली, आणि अटळ होते ते लवकर आणि जवळ घडले. संशोधन, विक्री, सेवा हे काम डेलने आयर्लंडमध्ये ठेवले. पण पंधरा वर्षे जोडणीच्या पट्ट्यावर उभ्या राहिलेल्या पन्नाशीच्या माणसाला त्याचा काय उपयोग!

पैसा उलट्या दिशेनेही गेला होता, हे विसरले जाते. अलाइड आयरिश बँकेने नव्वदच्या दशकातच पोलंडमध्ये बँका घेऊन ठेवल्या होत्या, आणि सिमेंट-बांधकामातली सीआरएच कंपनीही तिथे शिरली होती. २०१० साली अलाइड आयरिश कर्जात बुडाली तेव्हा विकण्याजोग्या तिच्या मोजक्या चांगल्या मालमत्तांत ही पोलिश बँक होती. सांतान्देर या स्पॅनिश बँकेने तिच्यातला सत्तर टक्के हिस्सा सुमारे ३१० कोटी युरोंना घेतला.

पडझडीनंतर

२००८ साली फुगा फुटला. बेकारी पंधरा टक्क्यांच्या आसपास पोचली, बांधकामातली माणसे पावणेतीन लाखांवरून लाखाच्या घरात आली. नोव्हेंबर २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि युरोपपुढे हात पसरावा लागला. आता पोलिश मंडळी बाडबिस्तरा आवरतील, असे सगळेच धरून चालले होते. पुष्कळजण गेलेही. पण २०११च्या जनगणनेत पोलिश नागरिक १,२२,५८५ निघाले, म्हणजे पाच वर्षांपूर्वीच्या जवळपास दुप्पट. ब्रिटिशांनाही मागे टाकून ते देशातला सर्वांत मोठा परदेशी गट झाले होते. मुले शाळेत रमली होती, बायकांच्या नोकऱ्या हॉटेल-दवाखान्यांत असल्याने टिकल्या होत्या. तरुण आयरिश ऑस्ट्रेलिया-कॅनडाला निघाले आणि पोलिश कुटुंबे थांबली.

आकडा पुढे उतरला. २०२२ साली पोलिश नागरिक ९३,६८० होते. त्याला आयरिश नागरिकत्व घेणाऱ्यांचा आणि पोलंडमध्ये सुधारलेल्या पगारांचा, दोन्हींचा हातभार आहे.

आपल्याकडच्या वाचकाला यातली एक गोष्ट जवळची वाटेल. २००४ नंतर डब्लिनने ठरवले की साध्या कामांसाठी माणसे संघातूनच घ्यायची. बाहेरच्यांना परवाना फक्त वरच्या कौशल्याला. २००५ पर्यंत परवाने २७ हजारांच्या आसपास उतरले. फिलिपिनो, ब्राझिलियन, भारतीय मजुरांची वाट त्यामुळे अरुंद झाली, आणि भारतातून गेल्या त्या परिचारिका, डॉक्टर, संगणकवाले. आज डब्लिनमध्ये गणपती बसवणाऱ्या मराठी घरांत सॉफ्टवेअरचे लोक इतके का दिसतात, याचे एक कारण २००४च्या त्या धोरणात आहे. २०२२च्या जनगणनेत भारतीय नागरिक ४५ हजारांवर होते, रोमानियनांपेक्षा जास्त.

मित्र

मतांचा वाटा दोन टक्क्यांवर आलेला हा देश एकटा पडेल, हे भाकीत २०१६ नंतर कसाला लागले. ब्रिटन संघाबाहेर निघाला आणि आयर्लंड बेटावरची ३०० मैलांची सरहद्द अचानक संघाची सरहद्द होणार, असा पेच उभा राहिला. लंडनचा कयास असा की मोठे देश व्यापारासाठी डब्लिनला बाजूला सारतील. तसे झाले नाही. सत्तावीस देश शेवटपर्यंत एका बाजूला राहिले, आणि त्यात एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया, स्लोव्हाकिया यांचा आग्रह औपचारिक नव्हता. शेजारच्या बड्या देशापुढे लहान सदस्याला एकटे सोडले तर उद्या आपली पाळी आहे, हे त्यांना समजावून सांगावे लागत नव्हते. २०१८ साली नेदरलँड्सच्या पुढाकाराने उत्तरेकडच्या आठ देशांचा आर्थिक धोरणांवरचा गट जमला त्यातही आयर्लंड आणि तिन्ही बाल्टिक देश एकत्र होते. ब्रिटनच्या जागी नवा आधार हवाच होता. तो २००४ साली आलेल्यांमध्ये सापडला. त्या वाटाघाटींच्या काळात आयर्लंडच्या पंतप्रधानपदी लिओ वराडकर होते, ज्यांच्या वडिलांचे गाव मालवण तालुक्यातले वराड. डिसेंबर २०१९ मध्ये ते तिथे येऊनही गेले.

आता रांगेत युक्रेन, मोल्दोवा आणि पश्चिम बाल्कनचे देश आहेत. आयर्लंड आज संघाच्या तिजोरीतून घेतो त्यापेक्षा जास्त भरतो. युक्रेनमधून युद्धामुळे आलेल्या लाखाहून अधिक लोकांना त्याने संरक्षण दिले. म्हणजे माणसांचा प्रश्न सदस्यत्वाच्या कितीतरी आधी दारात आला. शेतीच्या अनुदानाचे मात्र २००२च्या ब्रुसेल्ससारखे सोपे गणित या वेळी जमणार नाही. पोलंडची शेते छोटी होती, युक्रेनमधली काही शेते दहा-दहा हजार हेक्टरांची आहेत. एकरी दराने पैसे वाटायची पद्धत तशीच ठेवली तर टिपेररीचा दूधवाला आणि रॉसकॉमनचा गोमांसवाला दोघांनाही झळ लागणार, आणि त्यांच्या संघटना हे आतापासून बोलू लागल्या आहेत. कामगार निरीक्षकांबद्दल अजून कुणी बोलत नाही.